ऋषिकेश : राफ्टिंग झालं तरी लगेच निघू नका

पायवाट :

दसऱ्यानंतर पाच दिवस ऋषिकेशला जाऊन आले. मी, धाकटी बहीण आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना गंगास्नान हवं होतं, बहिणीला राफ्टिंग आणि मला भरपूर चालायचं होतं. तिघींचंही मनासारखं झालं. निघण्याआधी जो तो एकच सांगत होता : सकाळी राफ्टिंग, संध्याकाळी आरती, रात्री दिल्लीची बस. गंगा डोंगरातून सपाटीवर उतरते ती ही जागा. तिथवर जायचं आणि दीड दिवसात पाठ फिरवायची, हे मला पटत नाही. म्हणून सविस्तर लिहिते. जाऊन आलेल्यांनी भर घाला.

आधी गावाची रचना, कारण राहायची जागा त्यावर ठरते. ऋषिकेश शहर डेहराडून जिल्ह्यात आहे. नदीच्या काठाने वर सरकलं की मुनी की रेती आणि तपोवन, ते टिहरी गढवालमध्ये. पूल ओलांडला की स्वर्गाश्रम, तो पौडी गढवालमध्ये. चालता चालता तीन जिल्हे होतात. स्टेशन, बाजार, दवाखाने खालच्या शहरात. राफ्टिंगची दुकानं आणि कॅफे तपोवनात. शांतता हवी असेल तर स्वर्गाश्रमाची बाजू. आम्ही तिकडेच राहिलो. जुना लक्ष्मणझुला पूल बंद आहे, त्यामुळे जुने फोटो बघून बेत आखू नका. आम्ही ये-जा जानकी सेतूवरून केली. तो २०२० मध्ये सुरू झालाय.

दुसऱ्या दिवशी कुंजापुरी. पहाटे सव्वाचारला टॅक्सी बोलावली होती. नरेंद्रनगरवरून हिंडोलाखालपर्यंत मोठा रस्ता, तिथून वर फाटा जातो आणि शेवटी तीनशेच्या वर पायऱ्या. मंदिर सोळाशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे ऋषिकेशात साध्या शालीवर भागत असलं तरी वर कानटोपी लागतेच. सासूबाई दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर थांबत, कठडा धरून चढल्या. वर पोचलो तेव्हा खालच्या दरीत अजून रात्र होती आणि गंगेच्या वळणावर धुक्याचा लांबच लांब पट्टा पडला होता. आधी उत्तरेकडची शिखरं उजळली, चौखंबा, बंदरपूंछ, स्वर्गारोहिणी, आणि बऱ्याच वेळाने सूर्य वर आला. पुजाऱ्यांनी सासूबाईंना एकेक शिखर बोटाने दाखवलं. "बद्रीनाथ त्या चौखंब्याच्या पलीकडे" म्हटल्यावर त्यांनी तिथूनच हात जोडले.

सासूबाई टॅक्सीने परत गेल्या. आम्ही दोघी एका स्थानिक वाटाड्याबरोबर पायी उतरलो. मला विचाराल तर पाच दिवसांतला सर्वांत सुंदर भाग हाच. वाट गावांमधून, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमधून नीरगड धबधब्याकडे येते. एका अंगणात एक बाई चटईवर कणसं वाळत घालत होत्या. जवळ जाऊन बघितलं तर नाचणी! तिकडे तिला मंडुवा म्हणतात. शेजारच्या सुपात कुळीथ होते, त्यांचं नाव गहत. मी म्हटलं, "आमच्याकडे याचं पिठलं करतात." त्यांना ते इतकं नवल वाटलं, की आतून सुनेला हाक मारून पुन्हा सांगायला लावलं. कोकणातल्या आजीकडे बसल्यासारखी दहा मिनिटं गेली. थांबत थांबत खाली यायला आम्हाला साडेचार तास लागले. गुडघे दुखत असतील तर हा उतार टाळा, काठी तर हवीच.

नीरगडला बद्रीनाथ रस्त्यावरूनही थोडकं चढून जाता येतं, तिकीट आहे. खालच्या डोहावर गर्दी होती, वर चढून गेल्यावर निवांतपणा मिळाला.

राफ्टिंगबद्दल बहिणीला लिहायला सांगते. आता तुम्ही लिहा.

कुंडलिकाकाठ :

ताई, छान लिहिलंत. राफ्टिंगबद्दल मी लिहितो. कोलाडला अनेकदा आणि गंगेवर तीन वेळा राफ्टिंग केलंय.

कोलाडच्या कुंडलिकेवर पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं. पाणी सोडलं की सकाळचे काही तास नदी चालते, मग उतरते. गंगेचं तसं नाही. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळाल्या की दोघींचं सगळं पाणी या एका घळीतून खाली येतं. कुंडलिकेवर लाट राफ्टला वर उचलते. इथे लाटेआधी पाण्याचं वजन जाणवतं. बाजूच्या लहान ओढ्यांनी, तिकडे त्यांना गदेरा म्हणतात, पुरात मोठमोठे धोंडे आणून मुखाशी टाकलेले असतात. नदी त्यांच्यावरून आणि खडकांच्या चिंचोळ्या वाटांमधून उसळत जाते. बहुतेक रॅपिड, म्हणजे उसळत्या पाण्याचे पट्टे, असेच तयार होतात. दोन रॅपिडच्या मधे मात्र पाणी एकदम शांत, हिरवं, खोल.

टप्पे साधारण असे. ब्रह्मपुरीहून नऊएक किलोमीटर, पहिल्यांदा जाणाऱ्यांना ठीक. शिवपुरीहून सोळा किलोमीटर, सगळ्यांत जास्त लोक हाच घेतात. 'रोलर कोस्टर', 'गोल्फ कोर्स', 'डबल ट्रबल' यातच येतात, आणि त्यातला 'गोल्फ कोर्स' मोठा. मरीन ड्राइव्हहून (मुंबईचं नव्हे, नदीवरच्या जागेचं नाव) पंचवीसेक किलोमीटर. कौडियालाहून पस्तीसेक, आणि त्यात 'द वॉल' आहे. कौडियालाचा टप्पा अनुभव असल्याशिवाय घेऊ नका. हे मी गंभीरपणे सांगतोय.

वल्हं धरताना एक हात वरच्या मुठीवर घट्ट राहू द्या. ती मूठ सुटली की शेजाऱ्याच्या तोंडावर बसते, दात पडलेले मी पाहिलेत. पाय मधल्या फुगीर नळीखाली अडकवून बसायचं. पडलात तर उभं राहायचा प्रयत्न अजिबात करू नका, पाय खडकात अडकला तर पाणी माणसाला खाली दाबतं. उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाची बोटं पाण्यावर दिसली पाहिजेत. दोरी टाकली की दोरी छातीशी धरायची, हाताला गुंडाळायची नाही. गाईड बरेचदा गढवाली किंवा नेपाळी असतात. निघण्याआधीच्या सूचना ते भराभर उरकायला लागले तर थांबवून पुन्हा विचारा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जाईल इतका घट्ट हवा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो तेव्हा पाणी गढूळ आणि चढलेलं होतं. एका शांत पट्ट्यात गाईडने सगळ्यांना वल्ही वर घ्यायला लावली आणि म्हणाला, ऐका. राफ्टच्या तळाला पाण्यातली बारीक वाळू घासत होती, गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा सुंसुं आवाज. हिमालय झिजून आपल्या पायांखालून वाहतोय, हे तेव्हा कानांनी कळलं. अंगावर काटा आला होता.

गोदेची_लेक :

धागा अगदी वेळेवर आला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जातोय. बरोबर ७२ वर्षांचे वडील आणि ११ वर्षांचा मुलगा. मुलाने व्हिडिओ बघून बघून राफ्टिंगचा ध्यास घेतलाय. शांत टप्प्यावर तरी नेतील का? आणि वडिलांसाठी चढण नसलेलं काय आहे?

शिवालिक_पायथा :

डेहराडूनला एकोणीस वर्षं राहतोय, मूळचा साताऱ्याचा. ऋषिकेशला महिन्यातून एकदा तरी जाणं होतं.

ताई, मुलाला राफ्टिंग नको. १४ वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत, तसा नियम आहे. कुणी "चालतंय, बसवतो" म्हणालाच तर त्याच्या राफ्टमध्ये तुम्हीही बसू नका. एक नियम मोडणारा माणूस जॅकेटच्या बाबतीत तरी काटेकोर असेल याचा भरवसा नाही.

त्याऐवजी मुलाला चिल्लाला न्या. राजाजी व्याघ्र प्रकल्पाचा हा भाग ऋषिकेशपासून वीसेक किलोमीटरवर. जंगल १५ नोव्हेंबर ते १५ जून उघडं असतं, म्हणजे तुमच्या तारखांना चालू. लोक वाघ वाघ करतात, पण हे जंगल हत्तींचं आहे. सकाळच्या जीपमध्ये बसा, थंडी कडक असते, मुलाला पातळ कपड्यांचे तीन थर घाला. सालाच्या जंगलात धुकं असतं आणि गवताळ पट्ट्यावर चितळं उभी असतात. धनेश उडाला तर आधी पंखांचा आवाज येतो, वाफेच्या इंजिनासारखा, मग पक्षी दिसतो.

वडिलांसाठी वसिष्ठ गुफा. बद्रीनाथ रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर, रस्त्यापासून पायऱ्या उतराव्या लागतात, परतताना चढायच्या, पण सावकाश जमतं. दुपारी काही वेळ बंद ठेवतात, म्हणून सकाळी जा. आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही, मग खोल आत दिवा आणि पिंड दिसायला लागते. बाहेर आलं की पांढऱ्या वाळूचा काठ आणि समोर गंगा. या वाळूत अभ्रक असतं, चालून आल्यावर तळवे चमकतात. माझी मुलगी लहानपणी ते धुवू द्यायची नाही.

आता चालणाऱ्यांसाठी. पायवाट ताईंनी नीलकंठाबद्दल लिहिलं नाही. नीलकंठ महादेव साधारण १३३० मीटरवर. गाडीरस्ता आहे, पण स्वर्गाश्रमाच्या मागून जुनी पायवाट जंगलातून चढते, बारा-चौदा किलोमीटर, जवळजवळ हजार मीटर चढ. सकाळी सातला सुरुवात करा, एकटे जाऊ नका आणि उतरताना चारच्या आत खाली पोचायचं. संध्याकाळी हत्ती पाण्यावर येतात आणि त्यांची वाट ही आपलीच वाट असते. ताजी लीद दिसली, बांबू मोडल्याचा आवाज आला, तर थांबून ऐका आणि मागे फिरा. वनखात्याने वाट बंद ठेवली असेल तर वाद घालू नका.

अजून एक. डाव्या काठाने गरुडचट्टी, फूलचट्टी, मोहनचट्टी अशी गावं लागतात. चट्टी म्हणजे यात्रेकरूंचा मुक्काम. मोटाररस्ता व्हायच्या आधी बद्री-केदारला लोक याच काठाने पायी जात. आपल्याकडचेही किती म्हातारे-कोतारे घरच्यांचा कायमचा निरोप घेऊन या वाटेने गेले असतील. गरुडचट्टी ते फूलचट्टी सकाळी चालून बघा. मोहनचट्टीला आता ८३ मीटर उंचीवरून बंजी उडी मारतात. तरुणांची गर्दी तिथेच असते, वाटेवर नसते.

माची :

बरं झालं हा धागा निघाला. मला एक गोष्ट सांगायची आहे, जाणाऱ्यांनी वाचावी म्हणून.

काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही आठ चुलत-मावस भावंडं गेलो होतो. राफ्टिंग नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्कामाच्या जागेखालच्या वाळूवर खेळत होतो. जागा आम्हाला "सेफ बीच" म्हणून सांगितली होती. पाणी गुडघ्याएवढं, तळ दिसत होता. माझा मावसभाऊ, चांगला पोहणारा, चार पावलं पुढे गेला आणि दिसेनासा झाला. वाळूचा काठ तिथे कड्यासारखा तुटला होता. नशिबाने खाली एक राफ्ट थांबली होती, त्यातल्या मुलाने दोरीची पिशवी फेकली. भाऊ वाचला. वर काढला तेव्हा त्याचे ओठ निळे होते आणि तो एकच वाक्य म्हणत होता, "पाय टेकत नव्हते." अजून तो नदीत उतरत नाही.

आम्हाला नंतर कळलं, की वरच्या धरणांमुळे पाणी दिवसात कमी-जास्त होतं आणि सकाळी असलेला काठ संध्याकाळी नसतो. वरून नितळ दिसलं तरी खाली ओढ असते. त्या जागेवर ना पाटी होती ना साखळी. स्नान करायचं तर साखळ्या लावलेल्या घाटावरच, साखळी हातात धरून. पोहता येतं हे तिथे कामाचं नाही, कारण पाणी बर्फाचं असतं आणि श्वासच अडकतो.

पायवाट :

माची, वाचून पोटात गोळा आला. भाऊ सुखरूप आहे हे महत्त्वाचं. सासूबाईंचं स्नान आम्ही स्वर्गाश्रमाच्या घाटावर साखळी धरूनच केलं, तेव्हा शेजारच्या आजी "साखळी सोडू नको बेटी" असं मलाच बजावत होत्या. धाग्याच्या सुरुवातीला तुमची सूचना जोडते.

जुना_भटक्या :

मी २००९ मध्ये शिवपुरीच्या वर नदीकाठच्या तंबूत दोन रात्री राहिलोय. रात्री घळीतून खाली वारा सुटायचा तो सकाळी उन्हं येईपर्यंत. कनात फडफडत राहायची, पलीकडे नदीचा आवाज, वर चांदण्या. हरित लवादाने २०१५ मध्ये कौडियाला ते ऋषिकेश काठावरचे तंबू बंद केले. आता "रिव्हर कॅम्प" म्हणून जे विकतात ते बहुतेक रस्त्याच्या वरच्या बाजूला असतात. मी ज्या एकात गेल्या वर्षी राहिलो तिथे रात्री बारापर्यंत डीजे होता. पैसे घेताना "जंगलात शांत मुक्काम" सांगितलं होतं. तक्रार केली तर म्हणे पाहुण्यांना हेच लागतं. मला काठावरच्या त्या रात्रींची फार आठवण येते. थोडे, साधे तंबू नियमात बसवता आले असते.

शिवालिक_पायथा :

दादा, आठवण समजू शकतो, पण मी बंदीच्या बाजूने आहे. शेवटच्या काही वर्षांत वाळूवर खड्डे खणून संडास केले होते, पहिल्या पुरात सगळं गंगेत. बाटल्यांच्या काचा वाळूत पुरलेल्या. साधे थोडे तंबू कुणी ठेवलेच नाहीत, म्हणून ही वेळ आली. २०१८ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने धोरण ठरेपर्यंत राफ्टिंगसुद्धा थांबवायला लावलं होतं, तेव्हा कुठे नियमांचं गांभीर्य आलं. काठ आता मोकळा आहे, हिवाळ्यात त्याच वाळूवर पक्षी उतरतात. डीजेबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. बुकिंगआधी फोन करून विचारा, "संगीत असतं का?" उत्साहाने "हो हो" आलं की दुसरी जागा बघायची.

कुंडलिकाकाठ :

सहमत. नदी आधी.

अबोली२२ :

कधी जावं यावर कुणी लिहिलं नाही. मे-जूनमध्ये आम्ही शनिवारी दिल्लीहून गेलो आणि शेवटच्या काही किलोमीटरला साडेतीन तास लागले.

शिवालिक_पायथा :

मे-जूनमध्ये चारधामची गर्दी आणि दिल्लीची शनिवार-रविवारची गर्दी एकत्र होते. जुलै-ऑगस्टला राफ्टिंग बंद, त्यात गंगाजल न्यायला येणाऱ्या भक्तांची कावड यात्रा, आणि वरच्या रस्त्यावर दरडी. आपला श्रावण सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी तिकडचा सुरू होतो, हे लक्षात ठेवून तारखा बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. फेब्रुवारी-मार्चही छान, तेव्हा वरून बुरांशाचं (डोंगरातली लाल फुलं) सरबत यायला लागतं. आणि मंगळवार-बुधवार धरून या.

देवप्रयागपर्यंत जाणार असाल (साधारण ७० किलोमीटर) तर परतीला दिवसाउजेडी निघा. सध्या वाटेत ऋषिकेश–कर्णप्रयाग रेल्वेची कामं दिसतील. १२५ किलोमीटरची लाइन, त्यातले शंभराहून जास्त बोगद्यात. देवप्रयागला संगमाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की दोन रंगांची पाणी शेजारी शेजारी येताना दिसतात. तिथून पुढे तिला गंगा म्हणायचं.

पायवाटेची_बहीण :

ताईने सांगितलं म्हणून खास खातं काढलं! आम्ही शिवपुरीचा टप्पा केला. वरच्या दादांनी बाकी सगळं लिहिलंय. मला 'गोल्फ कोर्स'च्या आधीचं अर्धं मिनिट आठवतं. पाणी काचेसारखं सपाट होतं, पुढे नदी जणू संपल्यासारखी दिसत होती, फक्त आवाज येत होता. गाईड उभा राहून बघत होता आणि आमच्यातलं कुणी बोलत नव्हतं. मग त्याने हळूच "फॉरवर्ड" म्हटलं. पहिली लाट छातीवर आली ती इतकी गार, की मी वल्हं मारायचं विसरले. मागून तो ओरडला तेव्हा भानावर आले. नंतरच्या शांत पट्ट्यात दोरी धरून पाण्यात उतरलो, उताण्या पडून दोन्हीकडचे डोंगर सरकताना बघितले. परत जाईन तर त्यासाठी.

गोदेची_लेक :

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला १४ वर्षांचा नियम वाचून दाखवला. थोडा रुसला, पण हत्ती म्हटल्यावर कळी खुलली. वडील विचारतायत, घाटावर नुसतं बसून बघण्यासारखं सकाळी काय असतं? ते पहाटे पाचला उठतात.

शिवालिक_पायथा :

काकांना सांगा, आमचीच सवय आहे त्यांना. उजाडल्यावर रामझुला पुलाच्या अंगाने स्वर्गाश्रमाच्या घाटावर बसायचं. कणकेच्या गोळ्या विकायला बसतात, त्या पाण्यात टाकल्या की मासे वर येतात, हातभर लांब. महसीर ओळखायचा तर मोठे खवले आणि सोनेरी झाक बघा. तिथे कुणी मासे पकडत नाही, त्यामुळे ते अगदी पायरीपाशी येतात.

दुसऱ्या दिवशी खाली पशुलोक बॅरेजकडे, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याकडे जा. डिसेंबरात तिथल्या उथळ पाण्यात आणि वाळूच्या बेटांवर चक्रवाक असतात, केशरी रंगाचे, जोडीजोडीने. धुक्यात आधी त्यांचा आवाज येतो. काका वाचणारे असतील तर कवितेतला चक्रवाक त्यांना ठाऊक असेलच. दुर्बीण आणा, नसेल तर मला निरोप करा, माझ्याकडे दोन आहेत. आणि थर्मासमध्ये चहा भरून न्या, सातच्या आधी तिथे टपरी उघडत नाही.